नव्या आईबाबांसमोर कोणती जाहिरात यावी?

बाळ होणार हे कळल्यापासून पुढच्या दोन-तीन वर्षांत माणसाच्या खरेदीच्या जवळजवळ सगळ्या सवयी बदलतात. साबण कोणता, दूध कोणतं, विमा कुणाचा, गाडी केवढी, हे सगळं नव्यानं ठरतं आणि एकदा ठरलं की बरीच वर्षं तसंच राहतं. त्यात झोप अपुरी, मनात धास्ती, आणि आपण बाळासाठी कुठे कमी तर पडत नाही ना, ही टोचणी सतत चालू. विकणाऱ्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणूनच पालकांसाठीची मासिकं, संकेतस्थळं आणि ॲप यांच्याकडे जाहिरातदारांचा ओढा असतो. आपली जागा कुणाला विकायची आणि कुणाला नाही, हा प्रश्नही त्यामुळेच इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त गंभीर होतो.

आधी ही जागा विकली कशी जाते ते पाहू. गरोदरपणाची माहिती देणारं एखादं ॲप उघडलं की सुरुवातीलाच एक रकाना समोर येतो: प्रसूतीची अपेक्षित तारीख. ती भरली की बाळ या आठवड्यात केवढं झालं, त्याला ऐकू येऊ लागलं का, हे कळत राहतं. त्यामुळे आई ती मनापासून भरते. पण त्याच एका तारखेवरून विकणाऱ्यालाही पुढचं सगळं वेळापत्रक मिळतं. पोटावर लावायचं मलम कधी दाखवायचं, डायपर कधी, वरचा आहार कधी, बालवाडी कधी, हे त्याला आईच्या आधी ठाऊक असतं.

ही माहिती किती लांब जाते याचं एक उदाहरण सरकारी नोंदीतच आहे. ब्रिटनमध्ये 'बाउंटी' नावाची कंपनी गरोदर बायकांना आणि नव्या आयांना वस्तूंच्या नमुन्यांच्या पिशव्या वाटत असे आणि त्याबरोबर त्यांची माहिती गोळा करत असे, काही वेळा तर थेट प्रसूती विभागातल्या खाटेपाशी जाऊन. जून २०१७ ते एप्रिल २०१८ या काळात या कंपनीनं १ कोटी ४० लाखांहून जास्त लोकांची माहिती ३९ संस्थांना दिली. त्यांत लोकांची पत ठरवणाऱ्या आणि विपणनाची माहिती विकणाऱ्या कंपन्याही होत्या. बाळाची जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी हेसुद्धा त्यात होतं. २०१९ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी या प्रकरणी ४ लाख पौंड दंड केला. त्याच्या आदल्या वर्षी 'एमाज डायरी' या गरोदर बायकांना सल्ला देणाऱ्या सेवेच्या चालकांना १ लाख ४० हजार पौंडांचा दंड झाला होता. त्यांनी गोळा केलेली माहिती एका राजकीय पक्षाच्या निवडणूक प्रचारासाठी विकली गेली होती. मुलाच्या आरोग्याचा सल्ला घ्यायला आलेल्या बाईला याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

पानावर दिसणाऱ्या जाहिराती मुख्यतः तीन वाटांनी येतात. पहिली वाट लिलावाची. तुम्ही पान उघडता त्या क्षणात, डोळ्याची पापणी लवायच्या आत, त्या पानावरच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो, आणि तुमच्याबद्दल जमलेल्या माहितीच्या जोरावर जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात झळकते. यात संपादकाला दर वेळी विचारलं जात नाही. नको असलेल्या कंपन्यांची किंवा विषयांची यादी आधी देऊन ठेवता येते, पण ती गळकी असते. कंपनी नवं नाव घेऊन येते, 'बाळाच्या पोषणाचा क्लब' असं काहीतरी वेगळं पान काढते किंवा मधल्या दलालामार्फत शिरते. दुसरी वाट थेट सौद्याची: कंपनी आणि प्रकाशक समोरासमोर बसून दर ठरवतात. इथे नाही म्हणणं पूर्णपणे प्रकाशकाच्या हातात असतं, आणि पैसाही इथेच जास्त असतो.

तिसरी वाट मला सगळ्यात धोक्याची वाटते. ती म्हणजे प्रायोजित लेख. 'बाळ रात्री उठतं? हे करून पाहा' अशा मथळ्याखाली, नेहमीच्याच अक्षरात, नेहमीच्याच मांडणीत लेख येतो, आणि तो एका कंपनीच्या पैशातून लिहिलेला आहे ही ओळ सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात असते. पहाटे तीन वाजता रडणारं बाळ खांद्यावर घेऊन मोबाइल चाळणारी आई त्या ओळीपर्यंत पोचत नाही. तिला तो सल्ला वाटतो. लेखाच्या खालच्या दुव्यावरून खरेदी झाली की प्रकाशकाला मिळणारं कमिशन हाही याच जातीचा प्रकार.

सल्ला आणि जाहिरात एकमेकांना कशी छेद देऊ शकतात ते पाळण्याच्या उदाहरणावरून कळतं. बाळाला सपाट, घट्ट गादीवर आणि पाठीवर झोपवावं, असं बालरोगतज्ज्ञ कितीतरी वर्षांपासून सांगत आहेत. तरीही बाजारात तिरके, बाळाला अर्धवट उभं ठेवणारे झोपाळे झोपेसाठी म्हणून विकले जात होते. एप्रिल २०१९ मध्ये फिशर-प्राइस कंपनीनं असे सुमारे ४७ लाख झोपाळे परत मागवले, तोवर ३० हून जास्त बाळांच्या मृत्यूंचा संबंध त्यांच्याशी जोडला गेला होता. ज्या पानावर सुरक्षित झोपेचा लेख आहे त्याच पानावर अशा वस्तूची जाहिरात असेल, तर वाचणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा?

आता बहिष्काराकडे येऊ. पालकांच्या जगात हा विषय निघाला की एकच नाव पहिल्यांदा येतं, नेस्ले या स्विस खाद्यकंपनीचं, आणि तिच्यावरच्या बहिष्काराचा इतिहास नीट माहीत असल्याशिवाय आजचे वादही कळत नाहीत.

१९६० आणि ७० च्या दशकांत श्रीमंत देशांतला जन्मदर उतरू लागला आणि बाळांच्या दुधाच्या पावडरी बनवणाऱ्या कंपन्या आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेकडे वळल्या. परिचारिकेसारखा पोशाख घातलेल्या विक्रेत्या बाळंतिणींपर्यंत पोचत, मोफत डबे देत. तो डबा फुकट असला तरी त्याची किंमत वेगळ्या रीतीनं वसूल होत असे. अंगावरचं दूध बाळ जेवढं ओढेल तेवढं तयार होतं. बाळाचं पोट पावडरच्या दुधानं भरलं की ते कमी ओढतं, आणि काही दिवसांत आईचं दूध आटू लागतं. डबा संपेपर्यंत परत फिरणं अवघड झालेलं असतं. मग पुढचा डबा विकतच घ्यावा लागतो. तो परवडत नाही म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त. पाणी स्वच्छ नाही, बाटली उकळायला इंधन नाही. बाळाला जुलाब लागतात, ते खंगत जातं. सिंगापूरमध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी हा धोका १९३९ मध्येच जाहीर भाषणात सांगितला होता, पण जगाचं लक्ष तिकडे जायला आणखी तीन दशकं लागली.

१९७४ मध्ये 'वॉर ऑन वाँट' या ब्रिटिश संस्थेनं या विक्रीतंत्रावर एक पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमधल्या कार्यकर्त्यांनी तिचा जर्मन अनुवाद केला आणि शीर्षकातच नेस्लेवर बाळांना मारल्याचा आरोप ठेवला. नेस्लेनं अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९७६ मध्ये निकाल लागला: शीर्षक बदनामीकारक ठरलं, कार्यकर्त्यांना प्रत्येकी ३०० फ्रँकचा किरकोळ दंड झाला, आणि न्यायाधीशांनी कंपनीलाही जाहिरातीच्या पद्धती मुळातून तपासायला सांगितलं. खटला कंपनी जिंकली, पण तोपर्यंत विषय जगभर पोचला होता.

४ जुलै १९७७ रोजी अमेरिकेत मिनियापोलिस इथे 'इन्फॅक्ट' या गटानं नेस्लेच्या मालावर बहिष्कार पुकारला. यातली मेख लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या बायांचं नुकसान होत होतं त्या गरीब देशांत होत्या, आणि बहिष्कार टाकणारे श्रीमंत देशांत. ते बाळांच्या दुधावर नाही, तर कंपनीच्या कॉफीवर आणि चॉकलेटवर बहिष्कार टाकत होते. ज्याला फटका बसतो त्याच्याकडे ताकद नसते आणि ज्याच्याकडे ताकद असते त्याला फटका बसत नाही. कॉफीमुळे ही दोन टोकं जुळली. मे १९७८ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्यासमोर सुनावणी झाली. नेस्लेच्या ब्राझीलमधल्या प्रमुखांनी तिथे हा बहिष्कार म्हणजे मुक्त अर्थव्यवस्था खिळखिळी करण्याचा डाव असल्याचं सांगितलं. पाणी स्वच्छ नसेल तिथे हे दूध वापरू नये ना, असं केनेडींनी विचारल्यावर ती जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही, असा उत्तराचा सूर होता. या एका सुनावणीनं कंपनीची जेवढी अब्रू गेली तेवढी कुठल्याही पत्रकानं गेली नसती.

२१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'जागतिक आरोग्य सभे'त मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतानं मंजूर झाली. विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं होतं. या संहितेबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून स्पष्ट सांगते: ती दुधाची पावडर विकायला बंदी घालत नाही. ती जनतेला उद्देशून होणारी जाहिरात, आयांना मोफत नमुने, कंपनीच्या माणसांनी आयांशी थेट संपर्क साधणं, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू आणि डब्यावर गुटगुटीत बाळांची चित्रं या गोष्टींना मनाई करते. डबा मिळावा, पण त्याचा मोह घालू नये, एवढंच तिचं म्हणणं.

१९८४ मध्ये कंपनीनं संहिता पाळण्याचं कबूल केलं आणि बहिष्कार मागे घेतला गेला. १९८८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, कारण रुग्णालयांना मोफत आणि स्वस्त पुरवठा चालूच असल्याचा कार्यकर्त्यांचा आरोप होता. तो वाद आजही मिटलेला नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची जाहिरात जगभर थांबवण्याचं नेस्लेनं २०२२ मध्ये जाहीर केलं. टीकाकारांचं म्हणणं असं की संहिता सहा महिन्यांवर संपत नाही.

आणि इथेच आजच्या जाहिरातींची खरी गोम आहे. संहिता स्वतः कायदा नाही. प्रत्येक देशानं तिचा कायदा करायचा असतो, आणि कुणी कडक केला, कुणी ढिला. भारताचा १९९२ चा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं वरचं दूध, तयार आहार आणि दुधाच्या बाटल्या या सगळ्यांच्याच जाहिरातीला मनाई करतो. ब्रिटनमध्ये मनाई जन्मापासून द्यायच्या पावडरच्या दुधाला आहे, सहा महिन्यांनंतरच्या दुधाला नाही. मग कंपन्या काय करतात? डबे शेजारी ठेवून बघा. एकावर १ आकडा, दुसऱ्यावर २, तिसऱ्यावर ३. तिन्हींवर तेच नाव, तोच निळा किंवा सोनेरी रंग, तेच अस्वल किंवा तेच घरटं. जाहिरात दुसऱ्या किंवा तिसऱ्या डब्याची होते, म्हणजे सहा महिन्यांनंतरच्या बाळाच्या किंवा चालत्या-बोलत्या मुलाच्या दुधाची. पण बघणाऱ्याच्या मनात अस्वल राहतं, आकडा राहत नाही. जन्मलेल्या बाळासाठी दूध घ्यायची वेळ आली की हात त्याच अस्वलाकडे जातो. शिवाय एक वर्षानंतरच्या निरोगी मुलाला अशा खास दुधाची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. २०१६ मध्ये तिनं ही पळवाट बंद करायला सांगून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी विकलं जाणारं दूधही संहितेच्या कक्षेत येतं हे स्पष्ट केलं. ज्या प्रकाशकाला 'कायद्यात बसतं ना, मग चालेल' असं वाटतं त्यानं हा तिसरा डबा डोळ्यांसमोर ठेवावा.

इंटरनेटवर याचा पसारा केवढा, याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या दोन अहवालांवरून येतो. आठ देशांतल्या साडेआठ हजार पालकांशी आणि गरोदर बायकांशी बोलल्यावर निम्म्याहून जास्त, म्हणजे ५१ टक्के लोकांनी दुधाच्या कंपन्यांचं विपणन आपल्यापर्यंत पोचल्याचं सांगितलं. समाजमाध्यमांवर या कंपन्यांच्या खात्यांवरून दिवसाला सुमारे ९० पोस्ट पडतात आणि त्या २२ कोटी ९० लाख लोकांपर्यंत जातात.

नाही म्हणणारे प्रकाशक आहेत का? आहेत, आणि त्यांना ते सोपं गेलेलं नाही. ब्रिटनच्या 'मम्सनेट' या पालकांच्या संकेतस्थळानं नेस्लेच्या जाहिराती नाकारल्या होत्या. मार्च २०१९ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकानं आणि त्याच्या सहप्रकाशनांनी दुधाच्या पावडरींच्या जाहिराती घेणं थांबवलं. त्याच सुमारास ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनंही या कंपन्यांचा पैसा घेणं बंद केलं. डॉक्टरांच्या संस्थांनाही हे ठरवायला २०१९ उजाडावं लागलं, यावरून या पैशाची पकड कळते.

पैशाचा प्रश्न खोटा नाही. पालकांना फुकट मिळणारी माहिती कुणीतरी लिहितं, तपासतं, त्यांचे पगार द्यावे लागतात. सगळ्या जाहिराती बंद केल्या तर कित्येक चांगल्या जागा बंद पडतील आणि त्यांची जागा कंपन्यांनी स्वतःच चालवलेले 'सल्ला केंद्र' घेतील. म्हणून मला सरसकट जाहिरातबंदी नको आहे. मला लेखी धोरण हवं आहे, वाचकांना दिसेल असं. आम्ही कोणत्या गोष्टींची जाहिरात घेत नाही, का घेत नाही, आणि यात बदल केला तर तारखेसह कळवू, एवढं त्यात असलं तरी पुष्कळ झालं. दुधाच्या पावडरी त्यात येतातच. त्याखेरीज बाळंतपणानंतर झटपट वजन उतरवण्याची औषधं, चढ्या व्याजाची कर्जं, जुगार आणि सुरक्षिततेच्या सल्ल्याला छेद देणारी कोणतीही वस्तू. प्रायोजित लेखाची ओळ वर, पहिल्या वाक्याच्याही आधी. आणि एक कसोटी मला फार उपयोगी वाटते: या कंपनीबद्दल उद्या कडक लेख लिहायची वेळ आली, तर आपला हात थरथरेल का? थरथरणार असेल तर तो पैसा घेऊ नये.

बहिष्कार प्रत्येक वेळी चालतोच असं नाही. जुलै २०२० मध्ये द्वेषपूर्ण मजकुराच्या निषेधार्थ हजाराहून जास्त कंपन्यांनी फेसबुकवरच्या जाहिराती महिनाभर थांबवल्या. तरी त्या वर्षी कंपनीचं उत्पन्न ७१ अब्ज डॉलरच्या आसपास होतं ते ८६ अब्जांवर गेलं. ज्याचं उत्पन्न लाखो छोट्या जाहिरातदारांत वाटलेलं आहे त्याला हजार मोठे गेले तरी फार जाणवत नाही. याउलट नोव्हेंबर २०१६ मध्ये लेगो कंपनीनं ब्रिटनच्या 'डेली मेल' वृत्तपत्राबरोबरच्या मोफत खेळण्यांच्या योजना पुढे न चालवण्याचं जाहीर केलं, आणि त्याआधी एका वडिलांनी त्या वृत्तपत्राच्या मजकुरावर आक्षेप घेत कंपनीला उद्देशून लिहिलेलं जाहीर पत्र हजारो लोकांनी पुढे पाठवलं होतं. लेगोला मुलांच्या घरातलं आपलं नाव जपायचं होतं. पालकांना विकणाऱ्या कंपन्यांचं बहुतेक भांडवल असंच नावात असतं, म्हणून पालकांच्या शब्दाला तिथे वजन येतं. विक्री किती टक्के घटली यापेक्षा वर्तमानपत्रात काय छापून आलं आणि कंपनीच्या स्वतःच्या माणसांना घरी काय उत्तर द्यावं लागलं, यानं निर्णय फिरतात. आणि मागणी नेमकी असावी लागते. 'ही कंपनी वाईट आहे' यावर तिला काही करता येत नाही. 'प्रसूती विभागात मोफत डबे देणं थांबवा' यावर येतं, आणि थांबवलं की नाही तेही तपासता येतं.

एक गोष्ट मात्र मी अगदी कळकळीनं सांगते. या सगळ्याचा रोख कधीही वरचं दूध देणाऱ्या आईकडे वळता कामा नये. कुणाचं दूध येत नाही, कुणाची औषधं चालू असतात, कुणाला जुळी होतात, कुणी बाळ दत्तक घेतं, कुणाला कामावर परतावं लागतं आणि कुणाला अंगावर पाजायचं नसतं. त्या आईला कोणतं दूध, किती पाण्यात, किती तापमानाला, किती वेळात संपवायचं, ही माहिती सरळ आणि लाज न वाटता मिळाली पाहिजे. जाहिरात हटवायची ती तिच्यासाठीसुद्धा. ब्रिटनमध्ये बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या नियामकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेला अहवाल हेच दाखवतो: कायद्यानं जन्मापासून द्यायच्या पावडरच्या सगळ्या दुधांना पोषणाचे एकच निकष पाळावे लागतात, तरी महागडं ते चांगलं असेल या समजुतीनं पालक जास्त पैसे मोजतात. स्वस्त डबा घेतला तर बाळाच्या पहिल्या वर्षात सुमारे ३०० पौंड वाचू शकतात, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे त्या गोड जाहिरातीचा खर्चही शेवटी तिच्याच पदरातून जातो.

तुम्हाला एखाद्या पालक-संकेतस्थळावर अशी जाहिरात दिसली, तर पडद्याचं छायाचित्र घ्या. तारीख, पान, कंपनीचं नाव आणि ती कुठल्या प्रकारात येते, म्हणजे लिलावाची, थेट सौद्याची की प्रायोजित लेख, हे लिहून संपादकांना पाठवा. पुष्कळदा लिलावातून काय शिरलं हे त्यांनाही माहीत नसतं आणि ते लगेच यादीत भर घालतात. उत्तर आलं नाही तर धोरण कुठे छापलं आहे एवढंच पुन्हा विचारा. आणि त्यांनी जाहिरात काढली, तर तेही चार जणांना सांगा. त्या महिन्यात त्यांना पैसे कमी मिळालेले असतात.